दिवसाची सफर आणि मुक्कामी भटकंती : दोघांच्या कॅनूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकच कॅनू दिवसभर फिरायला आणि तंबू घेऊन मुक्कामी जायला, दोन्हीला चालते का?

चालते, आणि चांगली चालते. (कॅनू म्हणजे वरून उघडी, दोन्ही टोकांना निमुळती, एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची होडी.) फक्त एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. दिवसाच्या सफरीला होडीत दोन माणसं आणि खाण्यापिण्याची एक पिशवी असते. मुक्कामी जाताना तंबू, अंथरूण, शिधा, भांडी आणि पाणी मिळून आणखी पन्नास-साठ किलो चढतात. रिकामी कॅनू पाण्यावर उंच तरंगते, चटकन वळते आणि वाऱ्याला लगेच बळी पडते. भरलेली कॅनू पाण्यात नीट बसते, सरळ चालते, कमी डुलते, पण वळायला आणि थांबायला वेळ घेते. एकाच होडीचे हे दोन स्वभाव आहेत. म्हणून निवडताना आणि वापरताना सगळ्यात जास्त विचार वजनाचा करायचा : किती, कुठे आणि किती खाली. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हाच मुद्दा पुन्हा येईल, कारण माझ्या मते कॅनूचं अर्धं शास्त्र त्यातच आहे.

किती फुटी घ्यावी?

दोघांसाठी, दोन्ही कामांना, सोळा फुटी. चौदा फुटी होडी हाताळायला सोपी वाटते, पण दोन मोठी माणसं आणि सामान भरलं की ती पाण्यात फार खोल जाते, आणि एकाचं वल्हं दुसऱ्याच्या पाठीला लागेल इतकी जागा कमी पडते. सतरा-साडेसतरा फुटी होडी वेगाने आणि सरळ जाते, आठवडाभराचं सामान सहज घेते, पण रिकामी असताना अरुंद ओढ्यात ती वळवणं आणि एकट्याने उचलणं जड जातं. सोळा फुटी होडीची रुंदी साधारण 34 ते 36 इंच असते आणि मधली खोली 13 ते 15 इंच. तुम्ही मुख्यतः मोठ्या तलावांवर लांबच्या मुक्कामाला जाणार असाल तर सतरा फुटी घ्या. बाकी सगळ्यांनी सोळावर थांबावं.

तळ सपाट असावा की गोलसर?

दुकानात उभ्या असलेल्या होडीत बसून पाहणारा माणूस नेहमी सपाट तळाच्या प्रेमात पडतो. बसल्या बसल्या ती अजिबात हलत नाही. शांत पाण्यात मासे पकडायला किंवा फोटो काढायला ती उत्तमच. अडचण येते लाटांत. सपाट तळ लाटेच्या उताराला चिकटून राहतो, म्हणजे लाट जेवढी कलते तेवढी होडीही कलते. आणि एका मर्यादेपलीकडे कलली की फारशी सूचना न देता उलटते.

हलक्या कमानीचा तळ पहिल्यांदा बसल्यावर थोडा डगमगतो. नवख्याला भीती वाटते. पण कलल्यावर तो एका ठिकाणी टेकल्यासारखा थांबतो आणि तिथे होडी धरून ठेवता येते. लाट खालून जाते, होडी बऱ्यापैकी उभी राहते. स्थिरतेचे हे दोन प्रकार समजून घेतले की निवड सोपी होते : पहिली स्थिरता बसल्याजागची, दुसरी कलल्यानंतरची. मुक्कामी जाणाऱ्याला दुसरी जास्त लागते. आणि सामान भरल्यावर पहिलीही आपोआप सुधारते, कारण वजन तळाशी येतं. म्हणून माझी शिफारस हलक्या कमानीच्या तळाची. उथळ व्ही आकाराचा तळही मिळतो. तो सरळ चालतो आणि वाऱ्यात बरा वागतो, पण मधली धार दगडांवर आधी झिजते.

रॉकर किती हवा?

होडीचा तळ बाजूने पाहिला तर टोकांकडे वर उचललेला दिसतो, तो रॉकर. जास्त रॉकर म्हणजे पटकन वळणारी पण सरळ रेषेत ठेवायला मेहनत घेणारी होडी. दोन्ही कामांना मध्यम रॉकर हवा. कॅनडात फ्रेडरिक्टनच्या चेस्टनट कंपनीने खनिजांच्या शोधात रानोमाळ फिरणाऱ्यांसाठी बनवलेला 'प्रॉस्पेक्टर' हा घाट, म्हणजे होडीचा आकार, आजही जवळपास प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते. खोल पोट, उचललेली टोकं, भरपूर सामान आणि तरीही वळण्याची तयारी, असा तो घाट आहे. मात्र त्याच नावाखाली आज खूप वेगवेगळे आकार विकले जातात, तेव्हा नावावर न जाता होडी जमिनीवर ठेवून बाजूने नजर टाका.

कुठल्या मटेरियलची घ्यावी?

सोळा फुटी होडीचं वजन मटेरियलप्रमाणे दुपटीने बदलतं, आणि ते वजन तुम्हालाच उचलायचं असतं.

पॉलिएथिलीन या प्लास्टिकची होडी 35 ते 40 किलोपर्यंत जाते. ती स्वस्त आणि दणकट असते, दगडांवर घासली तरी फारसं बिघडत नाही. पण ऊन आणि चुकीचा आधार मिळाला तर तळाला पोक येतो, आणि खोल चीर पडली तर साध्या गोंदाने चिकटत नाही, उष्णतेने जोडावी लागते.

रॉयलेक्स हे फोमचा गाभा असलेलं प्लास्टिक कित्येक वर्षं नदीवरच्या लोकांचं आवडतं होतं. त्याचं उत्पादन 2014 मध्ये बंद झालं. त्यानंतर क्वेबेकच्या एस्किफ कंपनीने टी-फॉर्मेक्स नावाचा त्याच जातीचा पर्याय आणला. वजन साधारण 26 ते 30 किलो. नदी, तलाव, दगड, मुक्काम असं सगळंच करायचं असेल तर मला हेच सगळ्यात समतोल वाटतं.

केव्हलारची होडी 18 ते 23 किलोंची. हा धागा 1965 मध्ये ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी शोधला. एका तलावातून दुसऱ्यात होडी खांद्यावर वाहून न्यायची असेल तर या वजनाला तोड नाही. पण किंमत जास्त, आणि दगडांवर आदळण्यासाठी ही होडी नाही. किनाऱ्याला लागताना पाण्यातच उतरायची सवय लावावी लागते.

ॲल्युमिनियमच्या कॅनू ग्रमन या विमान बनवणाऱ्या कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर 1945 पासून बाजारात आणल्या. उन्हापावसात वर्षानुवर्षं पडून राहिल्या तरी टिकतात. पण वल्हं होडीच्या काठाला लागलं की मोठा आवाज होतो, आणि दगडावरून सरकण्याऐवजी त्या दगडाला अडकतात. लाकूड आणि कॅनव्हासची होडी दिसायला आणि चालवायला सगळ्यात देखणी. तिची निगा राखायला ज्याला मनापासून आवडतं त्यानेच ती घ्यावी.

कयाक का नको?

एकट्याला, वाऱ्यात, लांब पल्ल्याला कयाक, म्हणजे वरून झाकलेली, दोन पात्यांच्या वल्ह्याची होडी, सरस आहे. दोघांना सामानासह जायचं असेल तर उघड्या कॅनूत मोठी बॅग जशीच्या तशी ठेवता येते, पाय मोकळे राहतात, आणि गुडघ्यावर बसा किंवा बाकावर, स्थिती बदलता येते. चार तासांनंतर हा फरक फार मोठा वाटतो.

कंपनी सांगते ती वजनाची क्षमता खरी मानायची का?

जपून. पूर्वीपासून एक मोजमाप चालत आलं आहे : होडीचा काठ पाण्यापासून सहा इंच वर राहीपर्यंत जितकं वजन बसतं ती क्षमता. सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीने मोजत नाहीत, त्यामुळे दोन कागदांवरचे आकडे समोरासमोर ठेवून निर्णय घेऊ नका. शिवाय सहा इंच काठ शांत पाण्यात ठीक आहे, लाटांत तो अपुरा पडतो. दोन प्रौढ आणि चार-पाच दिवसांचं सामान मिळून 200 ते 250 किलो होतात, आणि चांगल्या सोळा फुटी होडीला एवढं वजन आरामात पेलतं. भरून झाल्यावर मधल्या भागात पाणी आणि काठ यांच्यात वीतभर तरी अंतर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर सामान काढा.

सामान कसं मांडायचं?

या एका प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्यावा, असं मी प्रत्येकाला सांगते.

होडी पाण्यात तरंगत असतानाच भरायची, अर्धी किनाऱ्यावर टेकवून नाही. एकजण पाण्यात उभा राहून होडी धरतो, दुसरा बॅगा देतो. सगळ्यात जड वस्तू आधी, मधोमध आणि तळाशी : पाण्याचे कॅन, शिध्याचा डबा, भांडी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वीस लिटरचा कॅन कुठे ठेवला यावर होडीचा सगळा तोल बदलतो. त्यानंतर तंबू आणि कपड्यांच्या बॅगा जडाच्या पुढेमागे. टोकांच्या निमुळत्या भागात फक्त हलकं सामान. टोकं जड झाली की होडी लाटेवर चढायच्या ऐवजी लाटेत घुसते. बॅगा उभ्या न ठेवता आडव्या ठेवा. काठाच्या वर काहीही येता कामा नये, कारण वर आलेली प्रत्येक वस्तू वाऱ्याला पकडायला शीड देते.

दोघं बसल्यावर किनाऱ्यावरच्या कुणाला तरी बाजूने पाहायला सांगा. कुणी नसेल तर होडीत थोडंसं पाणी टाका आणि ते कुठे जमतं ते बघा. मध्ये थांबलं तर समतोल बरोबर. मागे गेलं तर एक बॅग पुढे सरकवा. सर्वसाधारण दिवशी होडी सपाट किंवा किंचित मागे जड असलेली बरी. समोरून जोराचा वारा असेल तर उलट, पुढचं टोक थोडं जड करायचं. नाहीतर हलकं टोक वारा सारखा बाजूला फिरवत राहतो. वारा पाठीमागून असेल तर मागचं टोक थोडं जड.

दिवसाच्या सफरीला सामान नसतं आणि पुढे-मागे बसलेल्यांच्या वजनात फरक असतो. तेव्हा पाण्याने भरलेला एक कॅन हलक्या माणसाच्या बाजूला ठेवला की काम भागतं. रिकामी होडी वाऱ्यात नाचत असेल तर तोच कॅन मधोमध तळाशी ठेवा.

बॅगा होडीला बांधायच्या का?

यावर लोकांची दोन मतं आहेत. माझं मत असं : बांधायच्या तर घट्ट बांधा, नाहीतर एका छोट्या दोरीने अडकवून ठेवा, मधलं काही नको. हवाबंद ड्राय बॅगा काठाखाली पट्ट्यांनी पक्क्या बसवल्या तर होडी उलटल्यावर त्या जागेत पाणी शिरत नाही आणि होडी वर राहते. सैल, लांब दोऱ्यांवर लोंबणाऱ्या बॅगा मात्र पाण्यात पायात गुंततात.

पुढे कोण बसणार, मागे कोण?

जड माणूस आणि जास्त अनुभव असलेला माणूस सहसा मागे, कारण दिशा मागून सांभाळली जाते. पण पुढच्याचं काम कमी समजू नका. लय तो ठरवतो, मागचा त्याच्या लयीत वल्हं टाकतो. खडक, ओंडके, उथळ पाणी आधी पुढच्यालाच दिसतं, आणि होडीचं नाक झटक्यात बाजूला ओढायचं काम त्याच्याच वल्ह्याचं असतं. दोघांनी विरुद्ध बाजूंना वल्हवायचं आणि बाजू बदलायची तर आधी बोलून. दिवसातून एकदा जागांची अदलाबदल करा. नवरा-बायको असोत वा मित्र, एकमेकांना मागून सूचना देत राहण्यातून जे खटके उडतात ते दुसऱ्याच्या जागेवर तासभर बसलं की बरेच कमी होतात.

होडी सारखी एका बाजूला वळते, ती सरळ कशी ठेवायची?

मागचा माणूस उजवीकडे वल्हवत असेल तर होडी डावीकडे वळते. यावर उपाय जे-स्ट्रोक. वल्हं नेहमीसारखं मागे ओढा, ते कंबरेपाशी आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवा आणि पात्याने पाणी होडीपासून बाहेर हलकेच ढकला. हालचाल इंग्रजी 'जे' अक्षरासारखी होते. अंगठा वर वळवूनही दिशा सुधारते, सुरुवातीला सगळे तसंच करतात, पण त्याने दर फटक्याला होडीचा वेग मारला जातो. शांत पाण्यात एक दुपार फक्त अंगठ्याकडे लक्ष देऊन वल्हवा, सवय होते.

वल्हं किती लांब?

खुर्चीत ताठ बसा, वल्हं उलटं धरून मूठ बैठकीवर टेकवा. दांडा आणि पातं जिथे मिळतात ती जागा हनुवटी ते नाक यांच्यामध्ये आली पाहिजे. होडीत एक जादा वल्हं कायम ठेवा, ते हाताला लगेच येईल अशा ठिकाणी.

ही होडी एकट्याने चालवता येते का?

येते, जर तिची दोन्ही टोकं सारखी असतील आणि पुढच्या बाकाच्या मागे लगेच आडवी दांडी नसेल. पुढचा बाक मागच्यापेक्षा मध्याच्या जास्त जवळ असतो. त्यावर उलट तोंड करून बसायचं, म्हणजे मागचं टोक पुढे होतं आणि तुम्ही जवळजवळ मध्यावर येता. समोरच्या टोकात थोडं वजन ठेवायचं. मागच्या बाकावर एकट्याने बसलात तर नाक हवेत जातं आणि झुळूकही होडी फिरवते.

किती वाऱ्यात जायचं नाही?

लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागला की वारा ताशी 12 ते 19 किलोमीटरच्या आसपास असतो. नवख्यांनी इथेच किनाऱ्याला लागावं. फेस सगळीकडे दिसत असेल तर वारा 20 ते 28 च्या टप्प्यात आहे, आणि भरलेल्या उघड्या कॅनूने मोकळं पाणी ओलांडायची ही वेळ नाही. लाटा किती मोठ्या होतात हे वाऱ्याइतकंच त्याला मिळणाऱ्या मोकळ्या पाण्याच्या लांबीवर अवलंबून असतं. म्हणून तलाव मधून कापण्यापेक्षा वारा ज्या बाजूने येतो त्या किनाऱ्याच्या आडोशाने जा. अंतर वाढतं, पण निवांत वल्हवणारी जोडी ताशी चार-पाच किलोमीटर सहज जाते, तेवढा वेळ काढा. मुक्कामावरून पहाटे लवकर निघणं हा सगळ्यात चांगला उपाय, कारण मोठ्या पाण्यावर वारा बहुधा दुपारी चढतो. वादळाची गडगडाट ऐकू आली तर पाण्यावरून बाहेर या.

उलटली तर?

होडी सोडू नका. उलटलेली कॅनू लांबून दिसते आणि धरून राहायला आधार देते, पोहणारं एकटं डोकं दिसत नाही. जवळ दुसरी कॅनू असेल तर ती आडवी लावून उलटलेली होडी तिच्या काठांवर ओढून घेतात, पाणी निघून जातं, मग सरळ करून पाण्यात सोडतात. हे उन्हाळ्यात, उथळ पाण्यात, सामान न घेता एकदा तरी करून पाहा. एकच होडी असेल तर किनाऱ्याजवळून जाणं हाच खरा बचाव.

थंड पाणी हा वेगळा धोका आहे. तिथे 1-10-1 हे सूत्र लक्षात ठेवतात : पहिल्या एका मिनिटात श्वास ताब्यात आणायचा, त्यानंतर हातपाय नीट चालतात अशी साधारण दहा मिनिटं मिळतात, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला सुमारे एक तास लागतो. या दहा मिनिटांत काय करायचं ते निघण्याआधी ठरलेलं असावं. हा सगळा हिशेब लाइफ जॅकेट घातलेल्या माणसाचा आहे. जॅकेट अंगात, चेन लावून. बॅगेवर अडकवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही.

वाहत्या पाण्यात नेता येईल का?

नदीच्या खळाळत्या, वेगवान टप्प्यांना रॅपिड म्हणतात, आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणात त्यांना 1 ते 6 असे वर्ग दिले जातात. सामानाने भरलेल्या उघड्या कॅनूने पहिला वर्ग, आणि शिकलेल्या जोडीने दुसरा. त्यापुढे उतरून, पाहून, होडी किनाऱ्याने वाहून न्या. नदीकाठावरून पाण्यात आडवं पडलेलं झाड सगळ्यात घातक. त्याच्या फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही. होडी आडवी होऊन खडकावर जात असेल तर दोघांनी खडकाच्या बाजूला झुका. उलट दिशेला झुकलात तर प्रवाह येतो त्या अंगाने पाणी भरतं आणि होडी खडकाला चिकटून बसते. पाण्यात पडलात तर भरलेल्या होडीच्या, प्रवाह जातो त्या बाजूला कधीही राहू नका. जोराच्या प्रवाहात उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाठीवर तरंगा, पाय पुढे.

लहान मुलं आणि कुत्रा?

दोन्ही मधोमध, तळावर. मुलाच्या मापाचं जॅकेट हवं, ज्याचा एक पट्टा दोन पायांच्या मधून जातो. कुत्र्याला आधी किनाऱ्यावर होडीत बसायची सवय लावा, आणि त्याच्याखाली जाड चटई घाला. गुळगुळीत तळावर पाय घसरले की तो उभा राहतो, आणि मग होडी डुलते.

गाडीवर कशी न्यायची?

उलटी, दोन आडव्या दांड्यांवर. दांड्या एकमेकींपासून जमतील तितक्या लांब ठेवा. दोन रुंद पट्टे वरून आणि दोन्ही टोकांपासून गाडीला दोऱ्या. खटक्याने आवळायचे पट्टे वापरू नका, त्यांनी नकळत काठ वाकतो. साध्या बकलचे हाताने ओढायचे पट्टे पुरतात. पट्ट्याला एक पीळ द्या, म्हणजे वेगात तो घोंगावत नाही.

मुक्कामावर रात्री होडी कुठे ठेवायची?

पाण्यापासून पूर्ण वर, उलटी, आणि झाडाला बांधून. रिकामी कॅनू वाऱ्याने उडते आणि पाणी रात्रीत चढू शकतं. वल्ही आणि जॅकेटं तिच्याखाली.

वापरलेली घेताना काय पाहायचं?

दोन्ही टोकांखालचा तळ आधी, तिथेच झीज सगळ्यात जास्त असते. फोमच्या थराची होडी असेल तर वरचं रंगीत आवरण झिजून आतला वेगळ्या रंगाचा थर दिसतोय का ते बघा. दिसत असेल तर किंमत उतरवा, थर खोलवर कापला असेल तर घेऊ नका. मागच्या टोकावर उभं राहून काठाच्या रेषेवर नजर टाका, होडी पिळलेली असेल तर लगेच कळते. लाकडी काठ स्क्रूंच्या भोवती नखाने दाबा, मऊ लागला तर लाकूड कुजलंय. बाकांच्या बोल्टना हलवून पाहा. बाक आणि बोल्ट बदलणं सोपं आहे, पिळलेला तळ सरळ होत नाही. होडी कुठे ठेवलेली होती हेही विचारा : सावलीत, काठांवर उलटी ठेवलेली दहा वर्षांची होडी उन्हात तळावर पडलेल्या तीन वर्षांच्या होडीपेक्षा कितीतरी चांगली असते. आणि पैसे देण्याआधी ती एकदा दोघांनी मिळून उचला, कारण पाण्यापर्यंत दर वेळी तुम्हा दोघांनाच न्यायची आहे.